रंगाच्या आधीचं काम: धातूचे शिपाई घासणं, धुणं आणि प्रायमर मारणं

पाकिटातून काढलेला धातूचा शिपाई तळहातावर ठेवला की आधी जाणवतं ते वजन. मग खिडकीकडे धरून जरा तिरका केला की दिसते ती रेघ. टोपीच्या शेंड्यावरून निघते, खांद्यावरून, काखेतून, मांडीच्या बाहेरच्या अंगाने थेट टाचेपर्यंत उतरते. साच्याच्या दोन पाळ्या जिथे मिटतात तिथली ही खूण. नवीन माणूस म्हणतो, रंगाखाली जाईल. जात नाही. रंगावर वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, सोडला की तो नेमका त्या रेघेला जाऊन बसतो आणि तुमचा शिपाई शिवण उसवल्यासारखा दिसायला लागतो.

टेबलावर छोट्या शिपायांनी लढाया खेळायचा माझा छंद, आणि सध्या मी असईच्या लढाईसाठी सैन्य जमवतोय. 23 सप्टेंबर 1803, एका बाजूला आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. शिंद्यांच्या कवायती पलटणी म्हणजे एकाच ठेवणीचे, एकाच गणवेशातले शिपाई रांगेने. घासकामाचा कंटाळा यायची सोय इतिहासानेच करून ठेवलेली. 28 मिलिमीटरच्या 24 शिपायांना रंगापर्यंत आणायला मला चार संध्याकाळी लागतात आणि प्रायमरसाठी, म्हणजे रंगाखालच्या अस्तरासाठी, एक कोरडी दुपार. संध्याकाळी कुठल्याही चालतात. दुपार मात्र नाशिकची हवा ठरवते, त्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी धातू ओळखा

पाकिटावर ‘व्हाइट मेटल’ किंवा ‘प्यूटर’ लिहिलेलं असतं. हा मिश्रधातू. बहुतेक भाग कथील, कडकपणासाठी अँटिमनी, कधी थोडं बिस्मथ आणि जुन्या मालात शिसं. कथील आपल्या ओळखीचंच आहे. भांडं तापवून नवसागर टाकला की त्या धुरात कापसाच्या बोळ्याखाली चकचकीत पसरत जाते ती कल्हई म्हणजे कथीलच. शुद्ध कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं, शिसं मिसळलं की त्याच्याही खाली. म्हणून तुटलेला हात घरच्या सोल्डरिंग आयर्नने जोडायला जाऊ नका. हात जोडला जायच्या आत खांदा वितळतो.

चांगल्या कथिलाचा शिपाई कानाजवळ धरून त्याची तलवार हलकेच वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. आतले स्फटिक सरकल्याचा तो आवाज. धातूवाले याला कथिलाचं रडणंच म्हणतात. एकदा ऐकून घ्या, पण पुन्हा पुन्हा वाकवू नका, पाते तुटेल.

उलट शिपाई मऊ, मळकट करडा असेल आणि कागदावर ओढल्यावर पेन्सिलीसारखी रेघ उठत असेल तर त्यात शिसं बरंच आहे असं समजा. कुणाकडून जुनं सैन्य विकत घेतलं असेल तर तपासायच्या भानगडीत न पडता ते शिशाचंच आहे असं धरून चाला. पथ्यं साधी आहेत. टेबलावर ओला वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे भुकटी उडत नाही. काम करताना चहा-चिवडा नाही. काम संपलं की साबणाने हात, मग बाकीचं सगळं. कागद गुंडाळून पिशवीत बांधून टाकायचा, झटकायचा नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम ते झोपल्यावर.

जुन्या शिपायांवर कधी पांढरी भुकटी धरलेली दिसते. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने शिशाचं कार्बोनेट होतं, ते हे. भुकटी विषारी असते. कोरड्या ब्रशने उडवू नका, पाण्याखाली धरून काढा आणि असे शिपाई बंद लाकडी कपाटात परत ठेवू नका.

हत्यारं सराफ बाजारातून

मिनिएचरची म्हणून विकली जाणारी हत्यारं परदेशातून मागवायची काही गरज नाही. आपल्याकडे सराफ बाजार आहे. सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात बारीक कानशींचा संच मिळतो. त्यातल्या तीन खरोखर लागतात: अर्धगोल, गोल शेपटीची आणि चपटी. तिथेच पिन व्हाइस म्हणजे हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, 0.8 आणि 1 मिलिमीटरची पाती, पितळी तारांचा ब्रश आणि पितळेची तार मिळते. बदलत्या पात्याची सुरी आणि बारीक कटर घ्या. फेविक्विक आणि एम-सील कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे.

पहिल्यांदा कानशी घ्यायला गेलो तेव्हा दुकानात बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराला खिशातला शिपाई दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शिपाई नखाने खरवडला आणि विचारलं, “शिसं आहे का यात?”

“थोडं असेल काका.”

“मग ही कानस परत सोन्याला लावायची नाही हं. शिशाचा कण सोन्यात गेला की सोनं ठिसूळ होतं, पाटल्या तडकतात.” मी सोन्याचं काम करत नाही हे सांगूनही त्यांचं समाधान झालं नाही. मग हातात कानस घेऊन दाखवलं. “पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची. तुम्ही पोरं करवतीसारखी रेटता. आणि आधी हिला खडू चोळा.”

खडूची ही गोष्ट मला कुठल्याही व्हिडिओत मिळाली नव्हती. मऊ धातूचा कीस कानशीच्या दातांत बसतो, कानस गुळगुळीत होते आणि मग ती कापायच्या ऐवजी ओरखडे काढते. शाळेचा पांढरा खडू आधी चोळून ठेवला की कीस अडकत नाही. अडकलाच तर पितळी ब्रश दातांच्या दिशेने मारायचा.

घासकाम

दिवा समोरून नको, बाजूने हवा. टेबल लॅम्प शिपायाच्या उंचीवर आणून ठेवा म्हणजे रेघेची सावली पडते. हातातला शिपाई सावकाश फिरवा आणि रेघ कुठून कुठे जाते ते एकदा पूर्ण बघून घ्या. आधी बघितलं नाही तर हमखास सुटणाऱ्या जागा: पगडीचा माथा, बंदुकीची खालची बाजू, दोन पायांच्या मधला भाग, घोड्याच्या पोटाखाली आणि कानांच्या मधोमध.

साच्यात हवा जायला वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून धातू शिरून केसासारख्या काड्या येतात, त्या कटरने कापा. अंगाला टेकवून कापू नका, अर्धा मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेलं घासा. ओढून तोडलं तर अंगातला तुकडा घेऊन निघतं, तिथे खड्डा पडतो. साच्याच्या पाळ्यांमधून बाहेर आलेला पातळ पापुद्रा, ज्याला फ्लॅश म्हणतात, तो सुरीने काढा.

मुख्य रेघेसाठी मी कानशीआधी सुरी वापरतो, पण धारेने कापत नाही. पात्याची पाठ रेघेवर जवळजवळ उभी धरून आपल्याकडे ओढायची, गाजर खरवडतात तशी. चार-पाच ओढींत रेघ जाते आणि आजूबाजूच्या घड्या शाबूत राहतात. मोकळ्या, गोलाईच्या जागी, म्हणजे मांडी, खांदा, घोड्याचा पुठ्ठा, तिथे अर्धगोल कानस. कपड्याच्या घडीत गोल शेपटीची. चेहऱ्यावरून रेघ गेली असेल तर हात आवरा. नाकावरून कानस एकदा जास्त फिरली तर ते नाक परत येत नाही. चेहऱ्यावर फक्त सुरीची पाठ, आणि तीही दोनदाच.

घासल्यावर बोटाचं नख त्या जागेवरून फिरवा. डोळ्याला दिसत नाही ते नखाला लागतं. नख अडखळलं तर अजून आहे. शेवटी 600 नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलकेच फिरवला की कानशीचे ओरखडे जातात. प्रत्येक शिपायाला हे करत बसू नका. मागच्या रांगेतल्यांना कोण बघतंय. सरदार, निशाणवाले, तोफेजवळचे, एवढ्यांना पुरे.

वाकलेली बंदूक किंवा भाला बोटांच्या चिमटीत धरून, मधून टोकाकडे सरकत, थोडा थोडा सरळ करा. पक्कड नको, दातांचे ठसे उठतात. धातूचे भाले मला आवडतच नाहीत, खेळताना पहिले तेच मोडतात. मी ते कापून टाकतो, मुठीत 0.8 चं भोक पाडतो आणि त्यात पोलादी तार बसवतो. तारेचं टोक हातोडीने चपटं करून कानशीने पात्याचा आकार द्यायचा. एका भाल्याला पाच मिनिटं जातात. पण मग घोडेस्वार डब्यातून काढताना जीव मुठीत धरावा लागत नाही.

जोडणी

घोडेस्वार, तोफा, वेगळे हात असलेले शिपाई यांना जोडकाम असतं. प्लॅस्टिकच्या किटचा डिंक इथे काहीही करत नाही, कारण तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो. धातूला फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट किंवा दोन नळ्यांचा ॲराल्डाइट. जोडायचे दोन्ही भाग आधी कोरडेच जुळवून बघा, मग कानशीने खरखरीत करा.

नखाएवढे भाग नुसते चिकटवले तरी चालतात. त्याहून जड काही असेल तर पिन घाला. एका भागात मधोमध 1 मिलिमीटरचं, तीन-चार मिलिमीटर खोल भोक पाडा. त्याच्या तोंडाला कुठल्याही रंगाचा थेंब लावून दुसरा भाग दाबा म्हणजे समोर ठिपका उमटतो. ठिपक्यावर दुसरं भोक. मध्ये पितळी तारेचा किंवा पेपर क्लिपचा तुकडा, आणि फेविक्विक. ड्रिल घाईने फिरवू नका. मऊ धातूत पातं अडकतं आणि आतच मोडतं, आणि मोडलेलं पोलादी पातं कथिलातून काढणं म्हणजे दात काढणं.

सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो, आणि तेव्हा जोडावर नुसता तोंडाचा वाफारा दिला तरी काम होतं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर क्षणात दगड होतो. ही युक्ती फटी बुजवायलाही चांगली. फटीत डिंक, वर सोडा, जास्तीचं झटकायचं आणि लगेच कानस. मोठ्या फटी, घोड्याच्या पोटाची सांध, तळाशी उरलेली पोकळी यांना एम-सील. दोन्ही काड्या सारख्या घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा, बोट पाण्याने ओलं करून दाबा. त्याचं पोत भरड असतं, म्हणून चेहरा-केसांच्या जवळ नेऊ नका. तिथे कोरीव कामाची हिरवी पुट्टी लागते.

तळासाठी मी लोखंडी वॉशर वापरतो. एम-10 बोल्टचा साधा वॉशर बाहेरून 20 मिलिमीटरचा असतो, एम-12 चा 24. पायदळाला पहिला, सरदाराला दुसरा. मधलं भोक खालून टेप लावून एम-सीलने बुजवायचं. डब्याच्या तळाला चुंबकाची शीट चिकटवली की पलटण प्रवासात जागची हलत नाही. नाण्यांवर शिपाई चिकटवण्याची टूम मी टाळतो. चलनातली नाणी या कामासाठी नकोतच.

धुणं

इथे सगळे घाई करतात. साच्यातून शिपाई सुटावा म्हणून रबरी साच्याला टाल्क पावडर मारलेली असते. वर तुमच्या बोटांचं तेल, घासलेल्या धातूची भुकटी, खडू. यातलं काहीही राहिलं तर प्रायमर त्या पावडरीला धरतो आणि पावडर शिपायाला धरत नाही.

कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब आणि एक जुना मऊ टूथब्रश, जो परत तोंडात जाणार नाही. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, तेही उत्तम चालतं. रिठे रात्री भिजवून सकाळी फेस काढायचा. काखा, पगडीच्या घड्या, खोगिराच्या खाली ब्रश फिरवा. मग स्वच्छ पाण्यात दोनदा. सुटे हात असतील तर चहाच्या जुन्या गाळणीत धुवा, एक हात मोरीत गेला तर कंपनी दुसरा पाठवत नाही. ही गाळणी आणि वाडगं यापुढे स्वयंपाकघरात जाणार नाही हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आणि एक सवय मोडा. तांब्या-पितळेची भांडी चिंच, लिंबू किंवा आंबट पावडरीने लखलखीत होतात म्हणून शिपायांनाही तेच लावायचं मनात येतं. नको. आम्लाने शिसं गंजतं, वर सांगितलेली पांढरी भुकटी तिथूनच सुरू होते. व्हिनेगरमध्ये बुडवा असा सल्लाही कुणीतरी देईल. शिशाशी व्हिनेगर जुळला की जो क्षार बनतो तो विषारी असतो.

धुतलेले शिपाई जुन्या टॉवेलवर रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. सकाळपासून त्यांना उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. प्रत्येक वॉशर दुहेरी टेपने लाकडी पट्टीवर चिकटवा, एका पट्टीवर आठ, मध्ये दोन बोटांचं अंतर. यापुढे हाताळायची ती पट्टी.

प्रायमर आणि नाशिकची हवा

ॲक्रिलिक रंग गुळगुळीत धातूला धरत नाही, नखाने सोलून निघतो. प्रायमर धातूलाही धरतो आणि रंगालाही धरून ठेवतो. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात मिळणारा मॅट राखाडी ऑटो प्रायमरचा स्प्रे या कामाला चांगला. डब्यावर ‘प्रायमर’ लिहिलेलं असलं पाहिजे, नुसता ग्रे रंग नव्हे. खिडकीच्या गजांना लावतात तो रेड ऑक्साइड विसरा, त्या जाड थराखाली शिपायाच्या मिशा बुडतात.

आता हवा. मी एकदा ऑगस्टमध्ये, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, गॅलरीत सोळा घोडेस्वारांवर स्प्रे मारला. ऊन पडलं होतं. अर्ध्या तासाने बघितलं तर सगळ्यांवर पांढुरकी साय, जणू पिठाच्या गिरणीतून आलेत. स्प्रेतला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थर मरतो. तो काढायला मी शिपाई काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये टाकले. प्रायमर सुटला. ॲसिटोनने फेविक्विकही विरघळतो हे मात्र बरणीचं झाकण उघडल्यावर आठवलं. तळाशी सोळा घोडे, त्यांच्यावर सोळा स्वार, आणि कुणाचा हात कुणाचा याचा पत्ता नाही. (ॲसिटोन झटकन पेट घेतो. हे काम गॅसपासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून.)

तेव्हापासून माझा नियम सोपा आहे. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येऊन पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात असेल तर डब्याला हात लावायचा नाही. जून ते सप्टेंबर फक्त घासकाम आणि जोडकाम. अडलंच तर हाताने लावायचा प्रायमर, उदाहरणार्थ वायेहो (Vallejo) कंपनीचा पॉलीयुरेथेन सरफेस प्रायमर. सपाट मऊ ब्रशने दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन तास, आणि नंतर पूर्ण एक दिवस वाळवण. खोबणीत साचलेला थेंब कोरड्या ब्रशने लगेच टिपून घ्या.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर सगळ्यात चांगले दिवस. पण सकाळी नको. निफाडकडे द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात त्या दिवसांत शहरातही डबा गारठलेला असतो, दाब पडतो आणि स्प्रे फुसफुसत थुंकतो. अकरा ते चार ही वेळ. डबा आधी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, हाताला सुखावेल इतपतच कोमट. गॅसवर, हिटरसमोर, कडक पाण्यात कधीही नाही. 50 अंशांच्या वर तो फुटू शकतो. एप्रिल-मेमध्ये उलट दुखणं. दुपारच्या झळांमध्ये थेंब शिपायापर्यंत पोचायच्या आत वाळतात आणि अंगावर रव्यासारखे बसतात. तेव्हा सकाळी आठ-नऊला उरका. वारा सुटला असेल तर कुठल्याही ऋतूत थांबा. छोटा आर्द्रतामापक घेऊन ठेवलात तर 60 टक्क्यांच्या खाली मारा.

मारायची पद्धत अशी. डबा पूर्ण दोन मिनिटं हलवा, आतली गोळी खुळखुळायला लागल्यापासून मोजा. पहिला फवारा पुठ्ठ्यावर. पट्टी 20 ते 25 सेंटिमीटरवर. फवारा पट्टीच्या बाहेर सुरू करायचा, शिपायांवरून एका लयीत न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट सोडायचं. सुरू होताना आणि बंद होताना नळी थुंकते, ते शिपायांवर पडता कामा नये. पहिल्या फेरीनंतर धातू डोकावत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी पट्टी फिरवून दुसरी फेरी. मग पट्टी आडवी करून खालून एक, काखा आणि घोड्याच्या पोटासाठी. एका दमात झाकायचा मोह झाला की चेहऱ्याचं पुरण झालंच म्हणून समजा. हे उघड्यावर करा, तोंडावर सॉल्व्हंटच्या वाफेचा कार्ट्रिज मास्क असू द्या. एन-95 कण अडवतो, वाफ नाही.

रंग कोणता? राखाडीवर सगळं नीट चढतं. शिंद्यांच्या शिपायांचे लाल कोट काळ्यावर मरगळतात. मी राखाडी मारून, वाळल्यावर, वरून 45 अंशातून पांढऱ्याचा एकच हलका फवारा देतो. वरचा उजेड पांढरा, खालची सावली राखाडी, आणि मग कुठे काय आहे ते रंगवताना दिसत राहतं.

चोवीस तास थांबा. बोटाला तासाभरातच कोरडं लागेल, फसू नका. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली परत तिरके धरून बघा. राखाडीवर सुटलेल्या रेघा धातूपेक्षा स्पष्ट दिसतात. सापडली तर तिथे 600 चा पेपर, आणि उघड्या पडलेल्या जागी ब्रशने प्रायमरचा ठिपका. मग एका वॉशरच्या खालच्या कडेला नखाने जोरात ओरखडा काढा. पापुद्रा सुटला तर धुण्यात कमी पडलात, ती पट्टी परत बरणीत. पांढुरकी रेघ तेवढी उमटली आणि प्रायमर जागचा हलला नाही, तर शिपाई पट्टीवरून सोडवा. पहिला हात कोटाच्या लालाचा.